आधी तिने जेवायचं

मागच्या अंकात संपादकीय नव्हतं. काही जणींनी पत्र पाठवून कारण विचारलं. बाकीच्यांना ते आधीच कळलं होतं, कारण आपल्या वसईत बातमी लोकलपेक्षा लवकर पोहोचते. माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून मला दोन तऱ्हेचे प्रश्न येत आहेत. एक भर बैठकीत आला, नालासोपाऱ्याच्या मैत्रिणीचा: "बाईच्या शरीराला मापं लावू नका म्हणून आपण इतकी वर्षं बोलतोय, आणि तू जठर कापून घेतलंस?" दुसरा बैठक संपल्यावर, चपला घालताना, हळू आवाजात येतो: "ताई, किती खर्च आला? माझ्यासारखीला करतील का?"

पहिल्या प्रश्नाचा मला राग आला नाही. डॉक्टरी तंत्रज्ञान बाईच्या भल्याचं म्हणून पुढे केलं जातं तेव्हा आपण भुवया उंचावतो, आणि त्याला कारणं आहेत. ऐंशीच्या दशकात नेट-एन इंजेक्शनाविरुद्ध स्त्री संघटना न्यायालयात गेल्या. गर्भलिंगचाचणीविरुद्धच्या लढ्यातून १९८८ साली महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा झाला. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या जातात, याची चौकशी करायला २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तेव्हा कापाकापीबद्दल शंका घेणं हे आपलं कामच आहे. पण शंका घ्यायची ती बाईला माहिती मिळाली का आणि निर्णय कोणाचा होता, याबद्दल. मला मधुमेह होता, रात्री झोपेत श्वास अडकायचा, गुडघे जिन्याला नकार देत होते. आहार, चालणं, गोळ्या सगळं वर्षानुवर्षं करून झालं होतं. सुंदर दिसण्यासाठी मी हे केलं नाही. तसं कोणी केलं असतं तरी तिला जाब विचारायचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा वेगळा प्रश्न आहे.

माझं वजन किती होतं आणि किती झालं, ते मी इथे लिहिणार नाही. बायकांचे आकडे छापायला वर्तमानपत्रं पुरेशी आहेत. आपल्याच वसईच्या अमिता राजानी यांची बातमी तुम्ही २०१९ साली वाचली असेल. तीनशे किलोंच्या आसपास वजन, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेलं आयुष्य, डॉ. शशांक शहा यांनी केलेल्या दोन शस्त्रक्रिया, २०१५ साली स्लीव्ह आणि २०१७ साली बायपास, आणि चार वर्षांनी वजन ८६ किलो. मोठी गोष्ट आहे, त्यांची आणि डॉक्टरांचीही. पण बातम्यांत आठवण राहिली ती 'आशियातली सर्वांत वजनदार बाई' या बिरुदाची, आणि आधीच्या व नंतरच्या फोटोंची. त्या दोन फोटोंच्या मधे चार वर्षं होती. रोज सकाळी त्या काय खात होत्या, हात धरून कोण चालवत होतं, रात्री कोण जागं राहत होतं, हे मला वाचायचं होतं. २०१७ साली इजिप्तच्या इमान अहमद यांना मालवाहू विमानाने मुंबईत आणलं तेव्हा तर रोजचा वजनाचा हिशेब छापून येत होता. पुढे बहीण आणि डॉक्टर यांच्यात वाद झाला, त्यांना अबू धाबीला नेलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्या गेल्या. बाई बातमीतूनही गेली. नितीन गडकरी यांनी २०११ साली असंच ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा चर्चा त्यांच्या तब्येतीची झाली, रूपाची नाही. असो.

ऑपरेशन म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. स्लीव्हमध्ये दुर्बिणीतून जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात. उरते ती केळ्यासारखी एक नळी. भूक चाळवणारं एक संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूकही कमी होते. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती खालच्या आतड्याला जोडतात, त्यामुळे अन्न कमी जातं आणि अंगीही कमी लागतं. दोन-तीन दिवसांत घरी पाठवतात. आणि इथून पुढचं सगळं आपल्या स्वयंपाकघरात घडतं, ज्याबद्दल डॉक्टर पाच मिनिटं बोलतात.

घरी जाताना मला एक कागद मिळाला. इंग्रजीत होता. त्यातलं पहिलं वाक्य असं की सहा आठवडे जड वस्तू उचलू नका. आता हे वसई-विरारमध्ये वाचा. पूर्वेकडच्या कितीतरी चाळींत आणि इमारतींत अजून टँकर येतो, आणि टँकर आला की हंडे कोण उचलतं ते सांगायला नको. पाण्याने भरलेला मोठा हंडा पंधरा किलोच्या घरात जातो. आमच्या मजल्यावर गटातल्या चौघी जणींनी पाळी लावून दीड महिना पाणी भरलं, म्हणून मी तो कागद पाळू शकले. ज्या बाईला गट नाही, तिने काय करायचं? तिच्या टाक्याखाली हर्निया झाला तर म्हणणार, बाईने काळजी घेतली नाही.

दुसरं वाक्य जेवणाचं. पहिले दोन आठवडे सगळं पातळ: ताक, डाळीचं वरचं पाणी, गाळलेलं सूप, तेही घोटाघोटाने. मग कुस्करलेलं: घोटलेलं वरण, मऊ अंडं, काटा काढलेला ओला बोंबील. मग दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं, पण वाटीभर. ताटात आधी प्रथिनं, मग भाजी, आणि जागा उरली तर भात. दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात सहाच ग्रॅम असतात, म्हणजे हिशेब करा. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. घास बारीक चावायचा, वीस-पंचवीस मिनिटं बसून खायचं. दिवसातून पाच-सहा वेळा, वेळेवर.

मैत्रिणींनो, हा कागद पुन्हा एकदा वाचा. यात बाईने सगळ्यांत आधी जेवायचं आहे. ताटातला चांगला तुकडा तिने घ्यायचा आहे. बसून, सावकाश, मधे न उठता जेवायचं आहे. आपल्या घरांतली रीत याच्या बरोब्बर उलटी आहे: सगळ्यांना वाढून झाल्यावर, तव्यावरची शेवटची पोळी, उरलेला रस्सा, एक डोळा गॅसवर ठेवून. मासळीचा मधला तुकडा पुरुषांना आणि मुलांना, डोकं-शेपटी आपल्याला. उरलंसुरलं टाकायचं नाही म्हणून आपण खातो आणि त्याने वजन वाढलं की आपल्या जिभेला दोष. या ऑपरेशननंतर उरलंसुरलं खायला पोटात जागाच नसते. घरातल्या रिवाजाला इतका थेट धक्का देणारा डॉक्टरी कागद मी दुसरा पाहिला नाही.

आमच्या घरी पहिले दहा दिवस सगळे गुणी होते. अकराव्या दिवशी नवऱ्याने विचारलं, "आज जेवायला काय?" मी पेल्यातलं ताक दाखवलं. त्यांना त्यांच्या जेवणाबद्दल विचारायचं होतं! फोडणीच्या वासाने मला मळमळायचं, चव घेता येत नव्हती, तरी भाजीत मीठ कमी पडलं की ते माझं अपयश. सासूबाई प्रेमाने म्हणायच्या, "पाखरासारखी खातेस, अशाने उभी कशी राहशील?" आणि वाटीत आणखी एक चमचा घालायच्या. तो एक चमचा उलटीवाटे परत यायचा. शेवटी घरात बसून बोलावं लागलं. मुलगा आता सकाळचा स्वयंपाक करतो. बरा करतो. नवऱ्यांनी भांडी घेतली आहेत, पण आल्यागेल्यासमोर नाही.

कामावर परतले तेव्हा पुढचा धडा. विरारहून चर्चगेट म्हणजे दीड तास. घोट घोट पाणी दिवसभर प्यायचं, आणि गाडीत शौचालय नाही. म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, आणि मग चक्कर येते. ऑफिसात जेवणाची सुट्टी एकच. दर दोन-अडीच तासांनी डबा उघडणाऱ्या बाईकडे लोक बघतात. जाड असताना "अजून खातेय", बारीक होताना "इतकं कापून घेतलं तरी खातेय". लेडीज डब्यात चौथ्या सीटवर मला कोणी आनंदाने जागा दिली नव्हती. आता देतात. माणूस तीच आहे. त्या सरकून बसण्याने मला बरं वाटतं आणि रागही येतो, दोन्ही.

काही गोष्टी आधी कोणी नीट सांगत नाही, म्हणून घाईघाईने पण लिहून ठेवते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळतात. बहुतेकींचे पुढे परत येतात. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या आणि रक्त तपासत राहायचं. मधुमेहाची औषधं लगेच कमी करावी लागतात. जुनीच मात्रा घेत राहिलं तर साखर धोकादायक खाली जाते. बायपासनंतर पुरणपोळी किंवा श्रीखंड खाल्लं तर काहींना अर्ध्या तासात घाम, धडधड आणि जुलाब होतात. गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नयेत, व्रण होतात. सतत उलट्या होत असतील तर 'सवय होईल' म्हणून घरी थांबू नका, नसांना इजा होऊ शकते, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. वजन उतरलं की अनियमित पाळी सुरळीत होऊ शकते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, पण वर्ष-दीड वर्ष गर्भारपण टाळायचं असतं. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही, तांबी वगैरेबद्दल विचारा. आमच्या ओळखीत एका सुनेवर ऑपरेशननंतर तिसऱ्याच महिन्यात "आता बाळ" म्हणून दबाव सुरू झाला. हे ऑपरेशन तिच्यासाठी होतं की वंशासाठी, असं तिने विचारलं, आणि माहेरी गेली.

मन हा विषय कागदावर नव्हताच. खाणं ही आपल्यातल्या पुष्कळ जणींची एकुलती एक हक्काची विश्रांती असते. ती गेली की पोकळी राहते. अंगावर लोंबणारी कातडी आरशात दिसते, ती काढायचं ऑपरेशन वेगळं आणि खर्च वेगळा. काही बायका फार खचतात, जीव नकोसा होतो. अशी कोणी गटात असेल तर "अगं, किती छान दिसतेस" म्हणून पुढे जाऊ नका, तिच्याजवळ बसा, मानसोपचार तज्ज्ञाकडे सोबत जा.

खर्चाचा प्रश्न राहिला. खासगी रुग्णालयात काही लाख लागतात. विमा नियामक संस्थेच्या २०१९ च्या नियमांनुसार वय १८ पूर्ण असेल, डॉक्टरांचा सल्ला असेल, साधे उपाय फसले असतील, आणि उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक ४० किंवा अधिक, अथवा ३५ आणि सोबत गंभीर आजार असेल, तर विमा कंपनीला लठ्ठपणाचं ऑपरेशन म्हणून सरसकट नाकारता येत नाही. पॉलिसीतला प्रतीक्षा काळ तपासा. २०२५ पासून मौंजारो, वेगोवी ही इंजेक्शनंही आपल्याकडे मिळू लागली आहेत. ती कोणाला परवडतील ते उघड आहे.

काही जणी म्हणतील, ज्या जिल्ह्यात जव्हार-मोखाडा आहे, जिथल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२-९३ साली सगळा महाराष्ट्र हादरला, तिथे लठ्ठपणाचं काय घेऊन बसलात? मला हे दोन प्रश्न लांबचे वाटत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे १९ टक्के बायका प्रमाणापेक्षा बारीक, २४ टक्के जाड, आणि ५७ टक्के रक्तक्षय झालेल्या आहेत. म्हणजे जाड बाईच्या अंगातही रक्त नाही. वडापाव, बिस्किट, भात आणि चहा यांनी पोट भरतं, शरीर भरतं, पण पोसलं जात नाही. आणि अंडं, डाळ, मासळी यांची वाटणी डोंगरात आणि किनाऱ्यावर एकाच नियमाने होते.

वडापावावरून आठवलं, आपल्या बैठकींचं खाणंही आता बदललं आहे. उकडलेली अंडी आणि चणे. कुरकुर चालू आहे, चालू द्या.

आम्ही गटात एक पानाचा कागद तयार केला आहे, मराठीत. ऑपरेशनची तारीख ठरवायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून तो भरायचा. सहा आठवडे पाणी कोण भरणार, सकाळचा स्वयंपाक कोण करणार, मुलांना शाळेत कोण सोडणार, तपासणीला मुंबईला सोबत कोण जाणार, गोळ्यांचे पैसे कोणाच्या पगारातून. प्रत्येक कामासमोर नावाची जागा, आणि खाली सही. विरार पूर्वेच्या एका घरातून पहिला कागद भरून आला आहे. पाण्यासमोर सासऱ्यांनी स्वतःचं नाव लिहिलं आहे. स्वयंपाकासमोरची ओळ कोरी आहे, म्हणून येत्या रविवारी आमच्यातल्या दोघी तिच्या नवऱ्याशी बोलायला जात आहेत.