मागण्याला अवसर

इतवारीतील एकत्र कुटुंबात लहान मुलाला फारसे काही मागावे लागत नाही. त्याचा हात पुढे होण्यापूर्वीच आजी दुधाचा पेला आणते, काकू खेळणे देते. स्वमग्नता अशा लाडामुळे येत नाही; ती मेंदूच्या विकासातील भिन्नता आहे. परंतु ज्या मुलाला बोलणे मुळातच कठीण आहे, त्याच्यापुढे शब्दाची गरजच उभी राहत नाही.

भाषा हेही एक वर्तन आहे, असे बी. एफ. स्किनर यांनी १९५७ मध्ये मांडले. त्यातील ‘मागणी’ बोलणाऱ्याला तत्काळ फळ देते. म्हणून वर्तनाधारित शिक्षणात प्रारंभ बहुधा तिच्यापासून होतो. आवडती वस्तू दिसेल, पण हाती लागणार नाही अशी ठेवावी. ‘चेंडू’ असे एकदा म्हणून काही क्षण थांबावे. मुलाने पाहिले, बोट दाखविले किंवा नुसते ‘चें’ म्हटले, तरी चेंडू लगेच द्यावा. पुढे साहाय्य हळूहळू कमी करावे. भुकेल्या मुलाचे अन्न मात्र शब्दासाठी कधीही अडवू नये. पूर्वी या पद्धतीत शिक्षाही होत असे. आज तिला स्थान नाही.

काही मुलांसाठी चित्र सोयीचे ठरते. १९८५ मध्ये अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी चित्र देऊन वस्तू घेण्याची पद्धत विकसित केली. व्यापारी घराला ही देवघेव समजण्यास वेळ लागू नये. चित्रांमुळे बोलणे मागे पडते, ही भीती निराधार आहे. घरची मारवाडी किंवा गुजराती सोडण्याचेही कारण नाही. प्रारंभी एका वस्तूसाठी सर्वांनी एकच शब्द वापरावा, इतकेच.

या सर्वांआधी मुलाची श्रवणतपासणी आणि बालविकासतज्ज्ञांचा सल्ला आवश्यक आहे. बहिणीच्या सोयरिकीला बाधा येईल या धास्तीने अनेक घरांत हे लपविले जाते आणि शिकण्याची मोलाची वर्षे निघून जातात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. प्रमाणपत्र घेण्यात कमीपणा नाही.

सर्वच मुले बोलतील असे वचन कोणी देऊ शकत नाही. मात्र चित्र पुढे करून पाणी मागणारे मूलही आपले म्हणणे सांगतच असते. घराने ते ऐकावे.