वाळवंटातल्या राईत

नेवाडा म्हटलं की डोळ्यांसमोर उजाड माळच येतो. पण ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात व्हीलर पीक हा तंबूंचा तळ जवळपास ९,९०० फुटांवर, ॲस्पेनच्या राईत आहे. चपट्या देठांमुळे या झाडांची पानं जराशा झुळकीनंही थरथरतात. तंबूत पडून ती सळसळ ऐकावी. रात्री भर उन्हाळ्यातही हुडहुडी भरते.

तळाच्या वरच्या अंगाला ब्रिसलकोन पाइन आहेत. त्यांतलं सुमारे ४,९०० वर्षांचं एक झाड १९६४ मध्ये संशोधनासाठी, रीतसर परवानगीनं तोडलं गेलं. तेव्हा हे उद्यान नव्हतं; ते झालं १९८६ मध्ये. त्या झाडाचं तोडलं जाणं आम्हाला आजही सलतं.

अमेरिकेतल्या वाचकांनो, तिथं जरूर मुक्काम करा. मात्र ब्रिसलकोनची वाळकी काटकीही शेकोटीत घालू नका. नियमानं बंदी आहेच, शिवाय त्या मेलेल्या लाकडाच्या वलयांतूनच अभ्यासक हजारो वर्षांचं हवामान वाचतात.