सराफ्याची रात्र कोणाची?

इंदूरच्या सराफा बाजारात रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास घडणारा पालट नगरनियोजनाच्या विद्यार्थ्यांनी एकदा तरी पाहावा असा आहे. सोन्याचांदीच्या पेढ्यांवरील माल तिजोरीत जाऊ लागतो, शटर खाली येतात आणि त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी शेगड्या, कढया व पाट घेऊन दुसरा व्यापारी वर्ग येऊन उभा राहतो. ज्या ओट्यावर दिवसभर सराफाची गिऱ्हाइके चढत-उतरत होती, त्याच ओट्यावर तासाभरात भुट्ट्याचा कीस परतला जातो. गेल्या हिवाळ्यात मी तेथे गेलो, तेव्हा गराडूचे दिवस होते. तळलेल्या कंदाच्या त्या फोडी, ताटाएवढा जलेबा, खोपरा पॅटीस, रबडी असा हा बाजार मध्यरात्र उलटून गेल्यावरही चालू होता.

खाण्याचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. माझे लक्ष मात्र, जुन्या सवयीने, दुसरीकडे गेले. गल्लीच्या मध्यावर पोहोचल्यावर पुढे जाता येईना आणि मागेही फिरता येईना. दोन्ही बाजूंना पेटत्या शेगड्या, त्यांच्या पायाशी गॅसची सिलिंडरे आणि वर विजेच्या तारांचे जाळे. येथे अग्निशमन दलाचा बंब कोठून आत येणार, या प्रश्नाचे उत्तर मला शेवटपर्यंत सापडले नाही. काही पावलांवर राजवाडा आहे. १९८४ च्या दंगलीत त्याला लागलेल्या आगीची आठवण शहराने अजून पुसलेली नाही.

हीच भीती पुढे करून सराफांनी गेली काही वर्षे ही खाद्य-चौपाटी अन्यत्र हलवण्याची मागणी लावून धरली आहे. ठेले वाढले, पेढ्या बंद होण्याआधीच ते मांडले जाऊ लागले, रात्रीच्या तेलकट कचऱ्याचा आणि धुराचा त्रास होतो, या त्यांच्या तक्रारी खोट्या नाहीत. विक्रेत्यांचे म्हणणे असे, की या गल्लीची कीर्ती आमच्यामुळे आहे आणि आमच्यातील कित्येकांची ही दुसरी-तिसरी पिढी आहे. तेही खोटे नाही.

या वादाकडे पाहताना या जागेचा पूर्वेतिहास ध्यानात घेतला पाहिजे. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि माळव्यातील अफू व कापसाच्या व्यापारावर येथील सावकारी पेढ्या वाढल्या. त्या काळात ‘अकरा पंच’ नावाची व्यापाऱ्यांची संस्था येथे होती. व्यापारी तंटे तिच्यापुढे येत आणि दरबारही तिचा शब्द मानी. बाजाराने आपले नियम आपण करावेत आणि राज्यसत्तेने त्यांस मान्यता द्यावी, ही रीत या शहराला परकी नव्हे.

रात्रीच्या सराफ्याचा जन्मही अशाच एका अलिखित करारातून झाला, असे तेथील जुने लोक सांगतात. सोन्याची गल्ली रात्री ओस पडली, तर चोरांचे फावते. खाद्यविक्रेते बसले, तर वर्दळ राहते आणि राखणही होते. सराफाने ओटा द्यायचा, विक्रेत्याने जाग द्यायची. या कथेला कागदोपत्री पुरावा मी पाहिलेला नाही, परंतु तिच्यातील व्यवहारज्ञान खरे वाटते. आज तो करार मोडला आहे, कारण त्याची एक बाजू कालबाह्य झाली. राखणीसाठी कॅमेरे आले, सुरक्षारक्षक आले. सराफाला विक्रेत्याची गरज उरली नाही आणि त्याच वेळी देशभरचे पर्यटक भ्रमणध्वनीवरील चित्रफिती पाहून गल्लीत लोटू लागले.

‘हलवा’ हा शब्द उच्चारण्यास सोपा आहे. मी स्वतः तो एकदा फाइलीवर लिहिला होता. एका जिल्ह्याच्या गावी जुन्या चौकातील भाजीविक्रेत्यांसाठी आम्ही गावाबाहेर पक्के ओटे बांधले, पाण्याची सोय केली आणि सर्वांना तेथे नेले. वर्षभरात ओट्यांवर गुरे बसू लागली. विक्रेते एकेक करून चौकात परतले, मात्र पूर्वी उजळ माथ्याने बसणारी ती माणसे आता कोणाचा तरी हात ओला करून बसत होती. आमच्या अहवालात ‘पुनर्वसन पूर्ण’ असाच शेरा राहिला. त्या शेऱ्याची मला आजही लाज वाटते.

सुदैवाने २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने प्रशासनाला अशा चुकांपासून वाचण्याचा मार्ग दाखवला आहे. स्थलांतर शक्यतो टाळावे, असे तत्त्व त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. ज्या नैसर्गिक बाजारात विक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करीत आले आहेत, तो वारसा बाजार म्हणून घोषित करावा आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असेही तीत म्हटले आहे. आपल्याकडे जुन्या इमारतींच्या याद्या होतात, तशा जुन्या बाजारांच्या याद्या किती शहरांनी केल्या? दिवसा सराफा आणि रात्री खाऊगल्ली होणारा अहमदाबादचा माणेकचौक याच जातीचा आहे. पण दगडी कमानीला मिळते ते संरक्षण ओट्यावरच्या माणसाला क्वचितच मिळते.

तथापि, वारसा म्हणजे मोकाट परवाना नव्हे. संरक्षण जुन्या बाजाराला आहे. त्याच्या नावावर काल येऊन बसलेल्या प्रत्येक ठेल्याला ते आपोआप लागू होते, असे मानता येणार नाही. आणि आगीला परंपरा कळत नाही. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईच्या कमला मिल आवारात उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला. जुन्या गिरणीच्या आवाराचा वापर बदलला, पण आगीपासून बचावाची व्यवस्था त्या मानाने बदलली नाही, हा तिचा धडा होता. सराफ्यात वापर रोज रात्री बदलतो.

म्हणून काही गोष्टी तातडीने व्हाव्यात. गल्लीची रुंदी मोजून मधला मार्ग मोकळा ठेवल्यावर किती ठेले मावतात, ते आधी ठरवावे आणि संख्या त्यावरून काढावी. संख्या आधी ठरवून रस्ता उरेल तेवढा ठेवू नये. सिलिंडरांना गल्लीत मज्जाव करून नळाचा गॅस किंवा विजेच्या शेगड्या द्याव्यात. प्रत्येक विक्रेत्याची नोंद व्हावी आणि ओट्याचा मोबदला घेतला जात असेल, तर तो लेखी असावा. केवळ ‘पारंपरिक’ पदार्थांनाच परवानगी द्यावी ही सूचना मात्र मला पटत नाही. ज्या भुट्ट्यावर सराफ्याची ख्याती उभी आहे, तो मकाच मुळात अमेरिका खंडातून आपल्याकडे आला. पानात काय वाढावे हे महापालिकेने ठरवू नये. पान कोठे मांडावे एवढे ठरवावे.

अधिनियमाने नेमलेल्या नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावे लागतात. तिच्या देखरेखीखाली सराफ, विक्रेते आणि माड्यांवर राहणारी कुटुंबे यांचे एक पंचमंडळ सराफ्यापुरते का असू नये? वेळ, धूर, कचरा यांचे तंटे तेथेच मिटावेत. याच शहरात सप्टेंबर २०२२ मध्ये बीआरटीएस मार्गावरील व्यवसायांना चोवीस तास खुले राहण्याची मुभा आदेशाने दिली गेली आणि तक्रारी वाढल्यावर जुलै २०२४ मध्ये ती आदेशानेच काढून घेतली गेली. कागदावर जन्मलेली रात्र दोन वर्षेही टिकली नाही. सराफ्याची रात्र कित्येक पिढ्या टिकली, कारण ती दोघांच्या सोयीवर उभी होती.

दोनच्या सुमारास मी निघालो, तेव्हा शेगड्या विझत होत्या. एक विक्रेता आपला ओटा पाण्याने धूत होता. मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, सकाळी शेठजी येतील, त्यांना पायरी स्वच्छ लागते. इतकी जाण दोन्ही बाजूंना अजून शिल्लक असेल, तर प्रशासनाने हा करार मोडण्यापेक्षा तो लिहून काढण्याचे काम अंगावर घ्यावे.