घरात एक तरी पुस्तक हवे



भाताची झोडणी आटोपली, पेंढा रचला आणि वाल पेरून झाले, की आपल्या अलिबाग-मुरुड-श्रीवर्धनकडच्या घरांना थोडी उसंत मिळते. दिवस लवकर मावळतो, जेवणे लवकर होतात आणि निजायला तास-दीड तास उरतो. कोणी तो मोबाइलवर घालवतो, कोणी ओटीवर गप्पांत. त्यातला अर्धा तास पुस्तकाला द्यावा, एवढे सांगण्यासाठी आजचे हे पान आहे. ‘पुस्तके आम्हाला परवडतात का?’ असे तुम्ही विचारणारच. म्हणून त्याचे उत्तरही सोबत देतो.

गेल्या दोन महिन्यांत मी तीन पुस्तके वाचली. तिन्ही जुनी आहेत, आणि तिन्ही आपल्या खिशाला झेपणारी आहेत.

पहिले ‘माझा प्रवास’. लिहिणारे विष्णुभट गोडसे आपल्या पेण तालुक्यातल्या वरसईचे. घरावर कर्ज झाले, म्हणून दक्षिणा मिळेल या आशेने ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. पुढच्या वर्षी झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. पदरी पडलेले पैसे लुटले गेले. आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेच्या पाण्याची कावड मात्र त्यांनी घरापर्यंत आणली. त्यांच्या पश्चात १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी हे पुस्तक छापले. लढाईची पुस्तके पुष्कळ आहेत, पण ही लढाई कर्जबाजारी घरातल्या एका साध्या माणसाने पाहिलेली आहे. कर्जापायी घर सोडणे म्हणजे काय, हे तुम्हाआम्हाला वेगळे सांगायला नको.

दुसरे ‘गीता प्रवचने’. हे विनोबांचे. विनोबा जन्मले तेही पेण तालुक्यातच, गागोदे गावी, ११ सप्टेंबर १८९५ रोजी. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात ते दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलत, आणि ते बोलणे साने गुरुजी लिहून घेत. एक गागोद्याचा आणि दुसरा दापोलीजवळच्या पालगडचा, अशा दोन कोकणी माणसांच्या मेहनतीतून हे पुस्तक उभे राहिले. कैद्यांना समजेल अशा भाषेत सांगितलेले असल्यामुळे ते कोणालाही समजते. रोज चार पाने वाचली तरी पुरे.

तिसरे महात्मा फुल्यांचे ‘शेतकऱ्याचा असूड’, १८८३ सालचे. शेतकऱ्याला अक्षर कळत नाही, त्यामुळे कचेरीत आणि सावकाराच्या ओटीवर तो कसा नागवला जातो, हे जोतीरावांनी हातचे न राखता लिहिले आहे. पण ते नुसते गाऱ्हाणे नाही. ताली-बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवावे, नदी-तलावातला गाळ शेतकऱ्याला न्यायला द्यावा, चांगल्या जनावरांची पैदास वाढवावी, असे उपायही त्यात आहेत. आज आपण जलसंधारणाच्या गोष्टी बोलतो, त्यातल्या कितीतरी त्यांनी तेव्हाच लिहून ठेवल्या.

आता पैशांचे पाहू. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे लेखक वारल्यावर साठ वर्षांनी त्याच्या लेखनावरचा हक्क संपतो. मग ते कोणीही छापू शकतो आणि किंमत उतरते. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’ २०११ पासून अनेक प्रकाशकांनी छापली आहे. गोडसे आणि फुले यांचेही तसेच. पाव किलो सोड्यांना जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात अशी दोन पुस्तके सहज येतात.

दुसरा मार्ग सरकारी प्रकाशनांचा. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तके जाडजूड असूनही किमतीला हलकी असतात. मुंबईला कामानिमित्त जाणे झाले तर चर्नी रोडच्या शासकीय ग्रंथागारात डोकावून या. मंडळाने आपली बरीच पुस्तके संकेतस्थळावर फुकट वाचायलाही ठेवली आहेत. मुलांच्या हातात मोबाइल आहेच, तर त्यावर हेही उघडायला सांगा. लहान मुलांसाठी नॅशनल बुक ट्रस्टची चित्रांची पुस्तके पाहा. ही संस्था १९५७ पासून स्वस्त पुस्तके काढते.

तिसरा मार्ग टपालाचा. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे वाचून झालेली पुस्तके पडून असतात. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले आहे. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि पाच किलोपर्यंत शंभर रुपये, वर कर. तेव्हा मुंबईच्या भावाला भाऊबीजेला साडीऐवजी पुस्तकांचे एक पार्सल मागा. रुसणार नाही तो!

चौथा मार्ग सर्वांत सोपा, आणि तोच आपण विसरलो आहोत. गावातले ग्रंथालय. १९६७ च्या कायद्याने मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना सरकार अनुदान देते आणि वर्गणी अगदी थोडी असते. पण वाचायला कोणी गेलेच नाही, तर कपाटे कुलपात राहतात आणि पुस्तके कसर खाते. जवळ ग्रंथालय नसेल तर दहा घरांनी भिशी करावी. प्रत्येक घराने एकच पुस्तक घ्यायचे आणि दर महिन्याला फिरवायचे. एकाच्या खर्चात दहा पुस्तके वाचून होतात.

पुस्तके जपायलाही हवीत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात कौले, पत्रे उडाले तेव्हा कितीतरी घरांतली वह्या-पुस्तके भिजून गेली. आपली हवा दमट. म्हणून पुस्तके भिंतीला टेकवून ठेवू नयेत, वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून ठेवावीत आणि दसऱ्यानंतर एकदा उन्हे दाखवावीत.

आणि वाचन एकट्यानेच करायचे, असे थोडेच आहे? बिरड्याचे वाल सोलायला घरातल्या चौघीजणी बसतात, तेव्हा पाचवीने मोठ्याने वाचावे. आजीला दिसत नसले तरी ऐकू तर येते. नातवाचे वाचन सुधारते आणि आजीला कोणीतरी आपल्याजवळ बसले याचे समाधान मिळते.

तुम्ही म्हणाल, एवढा आग्रह कशासाठी? अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे संप केला. नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहून त्यांनी खोतांची जमीन कसायची नाकारली आणि लाकूडफाटा, मासळी विकून दिवस काढले. पुढे १९४८ चा कूळकायदा आला आणि कुळांची नावे सात-बाऱ्यावर चढली. आज त्याच किनाऱ्यावर मुंबईहून गाड्या येतात आणि दहा-वीस पानांचे कागद सहीसाठी पुढे ठेवले जातात. ज्याला पुस्तकाची दहा पाने शांतपणे वाचायची सवय आहे, तो तो कागदही शेवटपर्यंत वाचेल, न कळलेल्या ओळीवर बोट ठेवून विचारेल, आणि मगच विकायचे की नाही ते ठरवील. ज्याला ती सवय नाही, त्याची सही आणि पणजोबांचा अंगठा यांत फारसा फरक नाही.

तेव्हा या हंगामात धान्याचे पैसे हाती आले, की खत-बियाणे, औषधपाणी आणि पोरांच्या फीबरोबर एका पुस्तकाचे पैसे बाजूला काढा. कोणते घेतले, घरात कोणी कोणाला वाचून दाखवले, हे आम्हाला पोस्टकार्डावर जरूर कळवा. तुम्ही सुचवलेली पुस्तके पुढच्या खेपेला याच पानावर सांगू.