विद्यापीठाच्या कुंपणाबाहेरचे शेत

मच्छे हे माझे आजोळ. बेळगावहून खानापूरकडे निघाले की हे गाव लागते. तेथेच विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे ‘ज्ञानसंगम’ हे आवार आहे. 1998 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी कर्नाटकातील शेकडो अभियांत्रिकी महाविद्यालये संलग्न आहेत. याच गावाचे नाव हलगा-मच्छे बायपासमुळेही गाजले. सुपीक भातजमीन जाणार म्हणून 2021 मध्ये शेतकरी बांधावर उभे राहिले. प्रकरण न्यायालयातही गेले.

दिवाळीत गेलो असता मामा म्हणाले, “रस्त्यावरनं गाड्या किती जाणार हे कागदावर हाय. पण भराव पडल्यावर पावसाचं पाणी कुठं जाणार, हे कुणी मोजून सांगंल काय रे?”

मी संगीतशिक्षक; मला उत्तर देता आले नाही. परंतु प्रश्न अडाणी नव्हता. भातशेतीला पाणी लागते तसा निचराही लागतो. उंच भरावाखाली मोऱ्या अपुऱ्या ठेवल्या, तर एका बाजूचे पीक कुजते आणि दुसऱ्या बाजूचे वाळते.

ज्यांचे नाव विद्यापीठाला दिले आहे, ते विश्वेश्वरय्या पुण्यात अभियांत्रिकी शिकले आणि मुंबई इलाख्यात नोकरीस लागले. दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी ‘ब्लॉक पद्धत’ सुचवली. थोड्यांच्या उसाने सारे पाणी प्यावे आणि जमिनी पाणथळ व्हाव्यात, हे त्यांना मान्य नव्हते. पिके पाळीपाळीने घेऊन पाणी अधिक गावांस पोहोचवावे, असा त्यांचा विचार होता. जमीन वाचवणे आणि पाणी न्यायाने वाटणे हे त्यांच्या लेखी एकच काम होते.

आज विद्यापीठांच्या संशोधनाची थोरवी बहुधा निबंधांच्या संख्येवर ठरते. 2014 मध्ये केंद्र सरकारने उन्नत भारत अभियान सुरू केले, ते उच्चशिक्षण संस्थांनी गावे दत्तक घेऊन तेथील प्रश्न हाती घ्यावेत म्हणून. हेतू उत्तम आहे. परंतु प्रश्न कोणता, हे गावाने सांगायचे की संस्थेने, यावर त्याचे फळ अवलंबून राहील.

माझे वडील दरबारी गवई होते. ते म्हणत, तंबोरा गाणाऱ्याच्या पट्टीला लावायचा असतो. तंबोऱ्यासाठी गळा बदलायचा नसतो. संशोधनाचेही तसेच आहे. अशा रस्त्याआधी दोन पावसाळे ओढ्याचे पाणी आणि विहिरींची पातळी मोजावी. विद्यार्थ्यांनी शेतकऱ्यांना सोबत घ्यावे आणि आकडे मराठी व कानडी या दोन्ही भाषांत चावडीवर लावावेत. आकडे शेतकऱ्याच्या विरुद्ध गेले, तरी ते त्याला वाचता आले पाहिजेत.

आपल्यापैकी कितीतरी घरांचे सोयरेसंबंध सीमाभागात आहेत, आणि आपली मुलेही अभियंते होत आहेत. सुटीत घरी आलेल्या मुलाला पगार विचारण्याआधी एवढे जरूर विचारावे : बाळ, तू कुणाच्या विहिरीचे पाणी मोजलेस?