रीमॅप आणि वॉरंटी: दोन दगडांवर पाय नको

‘रीमॅप करा, सर्व्हिसिंगआधी मूळ प्रोग्रॅम परत टाका, वॉरंटी शाबूत राहते’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला वाचकांना गोत्यात आणणारा आहे. अनेक गाड्यांचा ईसीयू (इंजिनाचा संगणक) प्रोग्रॅम किती वेळा बदलला याची नोंद ठेवतो. मूळ फाइल परत टाकून ती पुसली जात नाही. रीमॅपने टर्बो डिझेलचा टॉर्क वाढला की जादा ताण टर्बो, क्लच आणि गिअरबॉक्सवर येतो. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची ती नेमकी टर्बो-गिअरबॉक्सच्या महागड्या दुरुस्तीसाठीच! (क्लच घासला तर तो बहुधा तिच्यात बसतही नाही.) शिवाय बदल लपवून दावा करणे ही सरळ फसवणूक आहे. वेगाची हौस मला समजते, पण तिचा खर्च ज्याचा त्याने सोसावा. पत्रलेखकांनी हा सल्ला मागे घ्यावा, ही विनंती.

— एक वाचक, पुणे