सृष्टिनिरीक्षण : व्हाइट पर्च

आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं मासा चुलीवर चढत नाहीं. तथापि उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हाइट पर्च नांवाच्या माशाची हकीकत त्यांनींही वाचण्याजोगी आहे.

याचें नांव पर्चाचें, पण गोत्र पट्टेरी बास माशाचें. अंग रुपेरी, लांबी बहुधा वीतभर. नोव्हा स्कोशियापासून दक्षिण कॅरोलायनापर्यंत, नदीमुखाशीं जेथें गोडें व खारें पाणी मिसळतें, तेथें याची मूळ वसति. चेसापीक उपसागरांत तर हा विपुल. वसंत ऋतूंत पाण्यास ऊब आली कीं याचे थवेच्या थवे नदीच्या वरच्या अंगास गोड्या पाण्यांत चढतात. मादी उथळ जागीं हजारों अंडीं सोडते. तीं चिकट असल्यामुळें खड्यांना व काटक्यांना बिलगून राहतात.

गळ टाकणारे याच दिवसांची वाट पाहतात. काठी हलकी, गळ बारीक, आमिष गांडुळाचें किंवा लहान कोळंबीचें. आणि शिशाचें वजन लावून तें तळाजवळ ठेवावयाचें. उन्हाळ्यांत मासा खाडींत परतला म्हणजे शिंपल्यांनीं भरलेल्या तळावर त्याचा शोध घ्यावा. एक लागला कीं जागा सोडूं नये. हा एकटा क्वचितच असतो. गळांतून काढतांना मात्र पाठीवरील कांट्यांस जपावें.

आतां दुसरी बाजू पाहूं. हडसन नदी ईरी सरोवरास जोडणारा कालवा १८२५ मध्यें आणि नायगराच्या धबधब्यास वळसा घालणारा वेलंड कालवा १८२९ मध्यें सुरू झाला. कालवे खोदले मालाच्या वाहतुकीसाठीं. पण तीच वाट पुढें या माशानेंही धरली. १९५० च्या सुमारास तो ऑन्टॅरिओ सरोवरांत पोंचला, आणि १९५३ मध्यें ईरी सरोवरांत आढळला. तेथें तो वॉलआयसारख्या मोलाच्या माशांचीं अंडीं खातो. लहान तळ्यांत तर त्याची प्रजा इतकी वाढते कीं अन्न पुरत नाहीं, आणि सारेच खुजे राहतात.

मूळ ठिकाणीं जो सर्वांना हवासा, तोच परठिकाणीं उपद्रवी ठरला. यांत माशाचा दोष तो काय? धबधब्याची भिंत निसर्गानें उभी केली होती; तिला वळसा माणसानें घातला. म्हणून गळ टाकणारानें एवढें तरी पथ्य पाळावें, कीं धरलेला मासा जिवंत नेऊन दुसऱ्या पाण्यांत सोडूं नये.